कवडीची पांढरी पिल्लं

बाबा, आज दुपारी दर्यापूरकडचा एक माणूस घर शोधत आला होता. तुमच्या हातच्या शिकारी कुत्र्यांचं नाव त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्या अवलादीचं एखादं पिल्लू मिळेल का, असं विचारत होता. मी सांगितलं, ती अवलाद संपली. काहून संपली, म्हणाला, तर मी पाण्याचा गडू पुढे केला आणि पेरणीचं विचारलं. तो गेल्यापासून हातातलं काम होत नाही. त्याला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगायला बसले आहे. त्यातलं बरंच तुम्हाला ठाऊक होतं, पण सगळं नव्हतं.

तेव्हा मी वीस वर्षांची होते, नवरा गेल्यावर तुमच्याकडे परत आलेली. देशमुखांच्या कुरणाच्या कडेला कुडाचं ते आवार, त्यात त्यांचेच बारा कुत्रे, आणि त्या कुत्र्यांचं सगळं तुमच्याकडे. लांब तोंडाचे, बारीक कमरेचे, हरणामागे वाऱ्यासारखे पळणारे. लोक तुम्हाला हट्टी म्हणत, कारण पिल्लू मागणाऱ्याच्या घरी तुम्ही आधी स्वतः जाऊन येत असा. सावली कुठे आहे, पाणी कोण भरतं, हे बघायचात, आणि मालकापेक्षा घरातल्या बाईला जास्त विचारायचात. देताना एकच बोलायचात, "नाई जमलं तं परत आना. रस्त्यावर सोडू नका." मी भाकरी कुस्करून त्यांच्या परातीत घालायची आणि मला वाटायचं, एवढं तर मलाही येतं.

मग दूर अमेरिकेत कुठे लढाई लागली म्हणे, आणि आपल्या वऱ्हाडातला कापूस साहेबांच्या डोळ्यांत भरला. जिकडे बघावं तिकडे पऱ्हाटी. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नव्हती. कुरणं नांगरली जाऊ लागली, हरणं दिसेनाशी झाली. ज्यांनी कधी ससाही धरला नव्हता त्यांना दाराशी शिकारी कुत्रा हवासा वाटू लागला, आणि तोही पांढरा.

त्या सकाळी देशमुख स्वतः आवारात आले, मागे कारभारी. अकोल्याच्या कापसाच्या दलालाला त्यांनी पांढऱ्या पिल्लाचा शब्द दिला होता. आपल्याकडे पांढरे दोनच, म्हातारा वजीर आणि त्याची लेक कवडी. देशमुख म्हणाले, "या दोघायचा जोड लाव." तुम्ही कवडीच्या पाठीवरचा हात काढला नाहीत. म्हणालात, "बापलेकीचा जोड मी नाई लावत, मालक. पांढऱ्यावर पांढरं लावलं का पिल्लायचे कान जातात. अन् थे अजून लहान हाये, पहिल्यांदा माजावर येऊन राहिली." देशमुखांचा चेहरा उतरला. जाताना ते कुरणाकडे बघत म्हणाले, "गवत तं मोडूनच राहिलो. मंग कुत्रे तरी कायले पोसू?"

तुमच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. तुम्ही उठून कवडीला वेगळ्या खोपीत बांधलंत, मला म्हणालात, "दहा-बारा रोज इले सोडू नको," आणि दुसऱ्या दिवशी एका पिल्लाचं घर बघायला वलगावला गेलात. मी एकटी. आवार मोडलं तर तुम्ही काय करणार, या वयात कुणाच्या शेतावर निंदायला जाणार, याच विचारानं दिवसभर डोकं भणभणत होतं. ऊन कलल्यावर मी खोपीत जाते, कवडीचा दोर सोडते. ती माझा हात चाटते. वजीरच्या कुडाचं दार मीच उघडते आणि पाठ करून उभी राहते.

तुम्ही परत आल्यावर मी म्हटलं, "दोर तोडून पळाली." तुम्ही दोर हातात घेतलात, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलात आणि खुंटीला टांगून ठेवलात. त्यानंतरचे दोन महिने मी तुमच्या नजरेला नजर दिली नाही. कवडीचं पोट वाढत होतं, मी तिला जास्तीचं दूध घालत होते.

ती भर दुपारी व्यायली. पहिलं पिल्लू आडवं आलं. तुम्ही हाताला तेल लावून गुडघ्यावर बसलात, आणि कवडी जी ओरडली ती मला आजही ऐकू येते. पाचांपैकी दोन मेलेलीच आली, एकाच्या टाळूला भोक होतं, ते तिसऱ्या दिवशी गेलं. उरलेली दोन दुधासारखी पांढरी. डोळे, कान उघडल्यावर काही दिवसांनी तुम्ही त्यांच्या मागे परात वाजवलीत. एकानं मान वळवली. दुसरा, दोघांतला देखणा, मातीशी खेळत राहिला. कारभारी नेमका त्यालाच उचलायला आला. तुम्ही म्हणालात, "त्याले ऐकू नाई येत." तो हसला. "कुत्र्याले का पोथी ऐकाची हाये?" तुम्ही देशमुखांकडे धावलात. तुम्ही परत येईपर्यंत गाडी अकोल्याच्या वाटेला लागली होती.

वर्षभरानं अकोल्याहून निरोप आला, कुत्र्यानं बाई फाडली, आता त्याला गोळी घालणार. तुम्ही पटका बांधलात. मी म्हटलं, "मी बी येतो." कापसाच्या गाड्यांबरोबर दोन दिवस चाललो. धूळ इतकी, की पुढचा बैल दिसत नव्हता. वाटेत तुम्ही माझ्याशी पाच शब्दसुद्धा बोलला नाहीत.

दलालाच्या अंगणात कापसाच्या गठाणींच्या थप्प्या, एका कडेला सरकी काढणाऱ्या बाया, आणि मधल्या खांबाला तो. साखळीनं मान सोललेली. मागून कुणीही येत-जात होतं आणि प्रत्येक वेळी तो दचकून उलटा फिरत होता. शिपाई ठासणीची बंदूक घेऊन तयारच होता. त्यानं ती खांद्याला लावली आणि तुम्ही सरळ मध्ये शिरलात. "थांबा! बहिरा हाये थो!" तुम्ही त्याच्या समोरून गेलात, टाच जमिनीवर आपटत. एक पाऊल, थांबायचं, पुन्हा एक. त्याला पायाखालून ते कळत असावं. तो गुरगुरला, तुमच्या मनगटात दात रुतवले, रक्त आलं. तुम्ही हात मागे ओढला नाहीत. हळूहळू त्यानं मनगट सोडलं आणि तुमच्या गुडघ्यात डोकं खुपसलं.

दलाल ओरडला, "असलं कुत्रं कोनी काढलं?"

तुम्ही म्हणालात, "मी. चूक माही हाये."

मी शेजारीच उभी होते, बाबा. तोंड उघडलं नाही.

मग तुम्ही त्या बाईपुढे गेलात. तिच्या पोटरीला हळदीचं फडकं बांधलेलं. तुम्ही हात जोडलेत. ती म्हणाली, "त्याचा काय गुन्हा? त्याले ऐकू नाई येत हे आमाले कोनी सांगतलंच नाई. म्या मागून गेली."

परतीच्या वाटेवर, दलालानं देऊन टाकलेला कुत्रा रिकाम्या गाडीत झोपलेला असताना, तुम्ही बोललात. "दोर तुटेल नव्हता." मी रडू लागले. तुम्ही थांबवलं नाहीत. "खोटं बोलली थे जाऊ दे. दोन महिने कवडीच्या पोटावरून हात फिरवत होती, तवा तरी वजीरचं नाव सांगाचं होतं. मी लक्ष ठेवलं असतं, पिल्लू अकोल्याले जाऊ देलं नसतं. त्या बाईचा पाय वाचला असता." मला मारलं असतंत तर बरं झालं असतं.

आवार तरीही मोडलं. त्याच वर्षी कुरणात पऱ्हाटी लागली. तुम्ही एकेक कुत्र्यासाठी घर शोधलंत, तीन ठिकाणी नाही म्हणून परत आलात. कवडीला पुन्हा पिल्लं होऊ दिली नाहीत. तिच्या दोन्ही लेकरांचीही अवलाद पुढे वाढवली नाहीत. बहिरा आपल्याकडे नऊ वर्षं राहिला. तुम्ही माळ्याच्या वाडीत वांगी खुडायला जायचात, तो तुमच्या पावलापावलानं. तो मेला, आणि त्याच्यामागून तुम्हीही गेलात.

अक्षरं मी उतारवयात शेजारच्या सुनेकडून शिकले, म्हणून हे वेडंवाकडं. धाडणार कुठं? घडी करून चुलीत घालेन. पण एक राहिलं. शिपायानं बंदूक खांद्याला लावली, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, उडव. तो मेला असता तर कुणी काही विचारलं नसतं. तेवढ्यात तुम्ही मध्ये शिरलात, आणि मला तुमचा राग आला.