जुनी विंडो मारली

प्रिय महेंद्र,

जय भीम. हे पत्र खुशाली विचारायला नाही, भांडायला लिहिते आहे. फोनवर तुझ्याशी नीट भांडता येत नाही. तू हो आई, हो आई म्हणतोस आणि मागे तुझी बोटं कीबोर्डवर टकटक करत असतात. मला ऐकू येत नाही असं वाटतं काय? मग मीटिंग आली म्हणून ठेवून देतोस. कागदाला मीटिंग नसते. माझं अक्षर चौथीतलं आहे, लागेल तसं वाच, पण पुरतं वाच.

परवा तू चिडलास. म्हणालास, आई, नवाकोरा लॅपटॉप पाठवला, आणि तू त्यातली विंडो काढून ती सात नंबरची, जमाना झालेली टाकून आणलीस? लोक अपग्रेड करतात, तू डाउनग्रेड केलंस. तुझ्या बायकोला, स्वप्नालीला, मागे हसू आलं तेही ऐकलं मी. हसू दे, पोर चांगली आहे. मी तुला एवढंच बोलले की मशीन चालत नव्हतं. ते खोटं नाही. आधी तेच ऐक.

आपल्या एम्ब्रॉयडरीच्या मशीनचा जुना कॉम्प्युटर मरेपर्यंत मी तो चालवत होते ते काही वाचून नाही. इंग्रजी मला काय कळतंय. मी जागेवरून चालवायची. डाव्या हाताला खालचा कोपरा, तिथे गोल बटण. ते दाबलं की वर सुईदोऱ्याचं चित्र, ते दोनदा दाबायचं, की मशीन घूं करून उठायचं. तुझ्या नव्या लॅपटॉपात ते बटण कोपऱ्यातून उठून मधोमध येऊन बसलेलं. माझ्या ओट्यावरचा मिठाचा डबा कुणी हलवला तरी मी घर डोक्यावर घेते, हे तुला माहीत आहे. मग हे कुणाला विचारून हलवलं?

बरं, बटण शोधलं. तर सुईदोऱ्याचा प्रोग्राम रडतखडत उघडायचा. उघडला तर त्याला मशीन दिसायचं नाही. एका टेबलावर दोघं, मध्ये हातभर वायर, आणि म्हणे ओळखत नाही. कधी ओळखलंच, तर काम अर्ध्यावर असताना लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. बदलापूरच्या शाळेच्या ब्लेझरचं काम होतं, खिशावर शाळेचं नाव. नाव अर्धं भरून झालं, सुई कापडात रुतलेली, आणि पडद्यावर एक गोल फिरतोय आणि टक्के चढतायत. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शाळेचा माणूस मात्र मला बोलून गेला, आणि ते मी ऐकून घेतलं. पप्पा लकव्याने पडल्यापासून घरात दुसरी कमाई येत नाही, तुझ्या पैशावर मला बसायचं नाही, हे तुला आधीच सांगितलंय.

थांब, पाणी आलं.

भरलं. चिखलोलीत एवढे टॉवर उभे राहिले, बारवी धरण भरून वाहतं, आणि नळाला मात्र करंगळीएवढी धार. असो.

तर लॅपटॉप अडला की मी तुला फोन करायची. तू म्हणायचास, थांब, येतो. आणि यायचास कसा, तर बाण होऊन. मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवलेला, आणि पडद्यावरचा बाण आपला आपण चालू लागायचा. तू पुण्यात बसून इकडचं तिकडे करायचास, दोन खिडक्या उघडायचास, चार बंद करायचास. झालं गं आई, म्हणून बाण थांबायचा. दोन दिवस मशीन चालायचं, परत तेच.

पहिल्यांदा तो बाण चालला तेव्हा पप्पा माझ्या शेजारी बसले होते. पुढे वाकले, डावा हात पडद्याजवळ नेला आणि बोलले, "आला." स्वच्छ बोलले. झटका आल्यापासून तोंडातून पाणी आणि नको याशिवाय धड शब्द निघाला नव्हता. जयंतीला माईक हातात घेऊन अर्धं अंबरनाथ जागं करणारा माणूस. मी तुला तेव्हाच फोनवर सांगितलं, पप्पा आला म्हणाले. तू म्हणालास, अरे वा, आणि म्हणालास, आई, आता रीस्टार्ट कर.

मग त्यांना तो नादच लागला. सकाळी चहा झाला की लॅपटॉपसमोर. बाण थांबला की त्यांना वाटायचं तू विचार करतोयस. मी काम करायला बसले, माझ्या हाताने माउस सरकला, की आला. मी म्हणायची, अहो, मी आहे, माझा हात आहे हा. तर माझ्याकडे असं बघायचे की मीच तुला दारातून परत लावलं. मला मेलीला एकीकडे ब्लेझर उरकायचे आणि एकीकडे हे. एकदा मी रागाने झाकण आपटून बंद केलं, तर दिवसभर जेवले नाहीत.

म्हणून उठले आणि लॅपटॉप पिशवीत घातला. स्टेशनाजवळच्या दुकानात गेले तर तो म्हणे, आंटी, नवीन आहे, हा मागे नाही जाणार. मी म्हटलं, तुला जमत नाही असं बोल ना. मग उल्हासनगर, कॅम्प दोन. तिथे हासानंद म्हणून म्हातारा सिंधी आहे, जुन्या मशीनवाल्यांची सगळी कामं करतो. मला अदी म्हणतो, म्हणजे त्यांच्यात बहीण. म्हणाला, मारतो जुनी विंडो. पहिल्यांदा मारली तर घरी येऊन बघते, माउस मेलेला, बटणं मेलेली. परत रिक्षा. दुसऱ्यांदा पडदा उलटा, डोकं खाली पाय वर. परत रिक्षा. मी त्याला सरळ विचारलं, भाऊ, विंडो मारताय का मला मारताय? तो हसला, चहा मागवला आणि मी समोर बसूनच करून घेतलं. आता बटण कोपऱ्यात आहे, वायर लावली की मशीन लगेच ओळखतं, ब्लेझर गेले. मशीनचं एवढंच.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहीत बसले नसते. शेवटच्या वेळी हासानंदने मारायच्या आधी मला विचारलं होतं. म्हणाला, "अदी, सात मारली तर याच्यात वायफाय चालणार नाही, पोरगा पुण्यातून आत येऊ शकणार नाही. दहा मारतो, थोडी खटपट करतो, मशीन पण चालेल आणि पोरगा पण." मी म्हटलं, "सातच मारा." त्याला काय सांगणार. तुला सांगते. तू हवेची गादी पाठवलीस, चाकाची खुर्ची पाठवलीस, लॅपटॉप पाठवलास, फक्त तू येत नाहीस. यंदा जयंतीलाही आला नाहीस. काम आहे म्हणतोस, पण हॉस्पिटलात त्यांचं वाकडं तोंड बघून तू बाहेर जिन्यात जाऊन बसला होतास, ते मी पाहिलंय. व्हिडिओवर बोलताना तुझा कॅमेरा कायम बिघडलेला असतो, तेही कळतं मला. भीती वाटते, वाटू दे. मलाही वाटायची. लाळ गळते, पुसायची, दुसऱ्या घासाला सवय होते. मी त्यांना सांगून टाकलंय की आता महेंद्र पडद्यात येणार नाही, घरी येणार आहे. तेव्हापासून लॅपटॉपकडे ढुंकून बघत नाहीत. तुझी ती खुर्ची हाताने खुणा करून उंबऱ्याजवळ लावून घेतली आणि तिथेच बसतात. मला पाण्याचा हंडा घेऊन जायला वाट राहिलेली नाही. लवकर ये.

तुझीच,
आई