कमरेची पट्टी आणि वहिनीचा हात

माय, आज माझ्या कमरेवर पट्टी आहे आणि ती तुझ्या सुनेनं लावली आहे. तिरपी लावली आहे, तुला लावायची तशीच. सकाळी लाखांदूरला सभा होती. बोलत होते तोवर काही जाणवलं नाही, पण एसटीत जागा मिळाली नाही आणि कोंढ्याला उतरताना पायरीवरच कंबर धरली. घरी आले तर वहिनीनं माझी चाल पाहिली, फळीवरून पट्टीचं पाकीट काढलं आणि म्हणाली, "बसा बाई पाटावर, तोंड भिंतीकडं करा." मी बसले. तू जिथे बसायचीस तिथेच, सैपाकघराच्या त्याच भिंतीकडे तोंड करून. पट्टी आधी गार लागते, मग हळूहळू चटका देत आत उतरते, हे मला या वयात कळलं. तुला दर वर्षी रोवणीच्या, धानलावणीच्या दिवसांत कळत होतं. तेव्हा तुझ्यामागे बसलेली हीच बाई होती. मी नव्हते. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुझा नातू नोकरीला लागला, तरी हेवा कमी झालेला नाही.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. माझं नाव तेव्हा नुकतंच सभांच्या पत्रिकांवर छापून येऊ लागलं होतं. मी गावोगाव बोलत होते, मजूर बायकांच्या कामाबद्दल, त्यांच्या शरीरांबद्दल, आणि बोलताना माझ्या डोळ्यांपुढे तू असायचीस: गुडघाभर चिखलात, दिवसभर वाकलेली, धानाचं एकेक रोप बांधीत, त्या पाणथळ वाफ्यात, खोचत मागे मागे सरकणारी. तुझ्या दुखण्यावर तुझा एकच उपाय होता. रुईच्या पानाला तेल लावायचं, तव्यावर शेकायचं आणि कमरेला फडक्यानं बांधायचं. मला त्या पानाची चीड होती. भंडाऱ्याच्या औषधाच्या दुकानात मी पट्ट्या बघितल्या, एक औषधाची, कापराच्या वासाची, दुसरी मिरचीचा अर्क असलेली, आतून ऊब देणारी. दोन्ही घेतल्या. येताना बसमध्ये मी मनातल्या मनात तुझ्या पाठीवर ती पट्टी लावून बघत होते. तू म्हणशील, पोरीनं आणली, पोरीनं लावली. एवढंच मला हवं होतं.

लावलीही मी. पहिली पट्टी मीच लावली, ते तुला आठवत असेल. तुझी पाठ कोरडी करून घेतली, पाकिटातला कागद वाचून दाखवला, किती वेळ ठेवायची, कुठे लावायची नाही, काय झालं तर काढायची. वाचता वाचता मी त्यावर बोलू लागले. कष्टकरी बाईच्या कंबरदुखीला कुणी आजार मानत नाही, तिला वाटतं हे असंच असतं, वगैरे. तू पदर हातात धरून भिंतीकडे बघत बसली होतीस. मग मान न वळवता म्हणालीस, "पट्टी लावून राहिली का सभा घेऊन राहिली व? पाठ थंडी पडली माह्यी." मी पट्टी लावली. अगदी सरळ, एक सुरकुती नाही. तू म्हणालीस, "झालं? बरं." आणि पदर घेऊन उठलीस. मी सभा संपवल्यावर अध्यक्ष आभार मानतात ना, तसं ते "बरं" होतं.

त्याच आठवड्यात मी पवनीहून परतले तर घरात जळक्या रबराचा वास. सैपाकघरात तुम्ही दोघी. वहिनीनं मिरचीची पट्टी तव्यावर शेकली होती, रुईचं पान शेकतात तशी. पान शेकूनच बांधायचं असतं, मग पट्टीही शेकूनच लावायची असणार, यात तुम्हा दोघींपैकी एकीलाही शंका आली नाही. डिंक वितळून तव्याला लागला होता, कापड वहिनीच्या बोटांना चिकटलं होतं, ती हात झटकत होती आणि तू पोट धरून हसत होतीस. "अव, तव्यालेच लाव आता. थ्याची कंबर बरी होईन!" वहिनीला हसता हसता ठसका लागला होता. माय, तुला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी दारात उभी राहिले आणि काय बोलले? "कागद वाचून दाखवला होता ना?" तू पदर सावरलास. वहिनी तवा घासायला गेली. घर क्षणात शहाणं झालं.

त्यानंतर पट्टी तिनंच लावायची हे ठरून गेलं. कुणी ठरवलं नाही, पण ठरलं. तिला ती कधी सरळ लावता आली नाही. कधी कडेला केस अडकायचे, कधी मधेच दुमडायची, तू "मेली मेली, हात आहे का रंदा?" म्हणून ओरडायचीस, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिलाच हाक मारायचीस. मी पुढे झाले तर म्हणायचीस, "राहू दे, तू थकून आली असशीन." मी थकले नव्हते. उभ्या आयुष्यात कधी नव्हते तितकी मी त्या दिवसांत ताजी होते. तिच्यात मला काय काय दिसायचं ते आज लिहून टाकते. ती टीव्हीवरची रडकी मालिका चुकवायची नाही. विहारात वंदनेला पुढे बसायची आणि माहेरी गेली की देवीचा धागा बांधून यायची, घरात शिरताना बांगड्यांखाली सरकवायची. मी त्यावर तिला सुनावलं तर तू म्हणायचीस, "जाऊ दे न व, धाग्यानं का घर पडते?" माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, तुझ्या सासऱ्यांनी, त्या घरात तू हे बोलत होतीस. तिची बाजू घेत होतीस.

आणि मग तो बांधीतला दिवस. मी तुझ्यासाठी नव्या पट्ट्या घेऊन थेट शेतावरच आले. दुपारची भाकर झाली होती, बायका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसल्या होत्या. तू पाकीट उघडलंस आणि विळ्यानं एकेका पट्टीचे तुकडे पाडलेस, जेवढ्या कमरा तेवढे. मग बायका एकीमागे एक अशा बसल्या, रोवणीला रांग असते तशी, आणि प्रत्येकीनं पुढचीच्या पाठीला तुकडा लावला. वहिनीनं तुला लावला. तू पुढच्या म्हातारीला. चिखलाचे हात लुगड्याला पुसून. मी म्हणाले, "मी तुझ्यासाठी आणल्या होत्या." तू म्हणालीस, "मंग का मी एकटीच लावून मिरवू? बाकीच्यायच्या कमरा का लाकडाच्या आहेत?" सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, "बाई, तुमी बी बसा ना रांगेत!" ती थट्टा होती, पण मी खरोखर बसले असते. माझी कंबर तेव्हा दुखत नव्हती, आणि ज्याची कंबर दुखत नाही त्याला त्या रांगेत जागा नव्हती. मी धुऱ्यावर उभी राहिले. चांगल्या कामाला आलेल्या पाहुण्यासारखी.

त्या काळात माझं सगळ्यात गाजलेलं भाषण स्पर्शावर होतं. ज्यांच्या सावलीचा विटाळ व्हायचा त्यांची लेकरं आता कुणाच्या स्पर्शाची भीक मागत नाहीत, असं म्हटलं की लोक उभे राहायचे. आणि घरी येऊन मी, तुझी पोटची पोर, तुझ्या पाठीवर हात ठेवायला मिळावा म्हणून निमित्त शोधत असायचे. तू दोनदा माझ्या सभेला आलीस. दोन्ही वेळा हात मांडीवर ठेवून, ताठ बसून ऐकलंस, सगळ्यांबरोबर टाळी वाजवलीस. घरीसुद्धा माझ्यासमोर तू तशीच बसायचीस.

आज पट्टी लावता लावता वहिनीला माझ्याकडून एक काम होतं. महिला दिनाला समाजमंदिरात कार्यक्रम आहे. गावात रोवणीची टोळी बायकांनी चालवायची हे पहिल्यांदा तू केलंस, म्हणून तुझी आठवण काढायची आहे. माय, त्यांनी तुझ्यावर बोलायला वहिनीला सांगितलं. जिल्हाभर मला बोलावतात, आणि माझ्या आईवर बोलायला माझ्या गावानं मला विचारलं नाही. "मले चार ओळी लिहून द्या, बाई," ती मागून म्हणाली, "मी वाचून मोकळी होतो." पाठमोऱ्या माणसाशी बोलताना जीभ सैल होते म्हणतात ते खरं असावं, कारण पट्टी थोपटता थोपटता तीच पुढे म्हणाली, "एक सांगू? राग त नाई येनार? माय तुमची नक्कल करे."

"माझी?"

"हो न! भाकर उलथायचा सराटा घे हातात माइकसारखा, चुलीपुढं उभी राहे. 'भगिनींनो! आता आपण कोणापुढंच वाकायचं नाही!' अस्सा तुमचा आवाज काढे. अन् मंग कंबर धरून 'अग माय माय' करत खालीच बसे. हासून हासून पट्टी निंघून जाये, मंग मी दुसरी लावो."

ते वाक्य माझंच होतं. सभेच्या शेवटी, हात वर करून. तू ते पाठ केलं होतंस. म्हणजे तू ऐकत होतीस, प्रत्येक शब्द, आणि मला टाळी दिलीस आणि तिला नक्कल. खरं सांगू, मला आनंद झाला असं लिहावंसं वाटतं, पण आधी आली ती जळजळ, आणि ती पट्टीची नव्हती. या घरात माझ्याहून चांगली वक्ता होती आणि तिची सगळी भाषणं त्या तिरप्या पट्टीवालीनं एकटीनं ऐकली.

मी म्हणाले, "ओळी लिहून देत नाही. तू ती नक्कलच करून दाखव तिथे."

"तुमच्यासमोर? नाई बाप्पा! माह्या तोंडून शब्द नाई निंघनार."

"मी नसले तर?"

तिनं पट्टीची कड दाबली. "त करीन. सराटा घेऊनच जाईन."

मी तिला सांगितलं की त्या दिवशी पवनीला माझी सभा आहे, मला यायला जमणारच नाही. तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिनं सुटकेचा श्वास सोडलेला मानेवर लागला. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, तुझ्या सुनेला तर नाहीच. पवनीला माझी कसलीही सभा नाही, माय. समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला एक खिडकी आहे. मी तिथे उभी राहणार आहे.