तीन हिरवे दात

२ मे १९८६, शुक्रवार

रेडिओवाल्या ईरण्णानं हात टेकले. "बाई, चाकाचे दोन दात गेलेत. असलं चाक आता सोलापुरात बी मिळायचं न्हाय. रेकॉर्ड प्लेअर भंगारात घाला, टेप घ्या!"

घालते भंगारात! रिक्षा केली, मशीन घरी आणलं. ह्यांनी हौसेनं घेतलेलं. ते गेले म्हणून हेही जावं? मीच दुरुस्त करीन. बी.एस्सी. उगीच नाही केलं.

दात सुनेनंच तोडले. महानंदाच्या हाताला धीर नाही. तसं तोंडावर बोलले तर वाद नाही, रडणं नाही — सरळ बेंबळीला माहेरी गेली. आज बारा दिवस. बलभीम दूध संस्थेतून आला की रोज एकच — "आई, आणू का तिला?"

आधी तिनं कबूल करावं.

४ मे

टँकर आला नाही. चाकही निघालं नाही.

७ मे

निघालं! वाळलेल्या ग्रीसनं काळं झालेलं. रॉकेलमध्ये बुडवून घासलं. चाक पांढरं, पण तीन दात हिरवे. कंपनीला रंग कमी पडला असेल.

शेजारच्या मथुराबाई डोकावल्या. "सून घालवली अन् चाक जपताय व्हय, बाई?"

दार लावून घेतलं.

९ मे

माझ्या तपकिरी कंगव्याचे दोन दात कापले. सुई तापवून चाकात खाचा पाडल्या, दात बसवले, दोन नळ्यांतला डिंक कालवून भरला. उद्या कानशीनं घासायचे.

गाणं संपलं की सुईचा दांडा आपोआप उठून जागेवर जातो. मी मात्र मधेच धरून मागं ओढते. आवडलेली ओळ पुन्हा ऐकायची — पाठ होईपर्यंत! बत्तीस वर्षं वर्गात हेच केलं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात महानंदा म्हणाली होती, "आई, चालू असताना नका हो ओढू. आतलं चाक तुटंल."

कालची पोर, मला शिकवते!

११ मे, रविवार

चाक बसवायला बलभीमला हाक मारली. त्यानं ते उजेडात धरलं. हसला. "बाबांच्या हिरव्या कंगव्याचे दात! अजून टिकलेत. मी नववीत होतो, तू शाळेत गेली होतीस, तेव्हा बसवले त्यांनी. म्हणाले, आईला सांगू नको, दांडा ओढायची तिची सवय काही जायची नाही."

नववीत. महानंदा या घरात आली गेल्या वर्षी.

"मग इतके दिवस गप्प का?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

रेकॉर्ड लावली. हात पाठीमागं धरून उभी राहिले. दांडा आपोआप उठला, जागेवर गेला.

बलभीम म्हणतो, मी जाऊन आणतो तिला. नाही! तिला बोलले ती मी. उद्या पहिल्या एस.टी.नं बेंबळीला मीच जाणार.