अर्ध्यावर उठू नये

५ जानेवारी
नेपानगर सोडून शहरात, बुधवारा मोहल्ल्यात राहायला आलो, मी आणि माझा मुलगा निरंजन. खोल्या स्वस्त, हवेशीर. आधी देव मांडले, मग गॅस. जुना भाडेकरू कॉम्प्युटर इथंच टाकून गेलाय. भंगारात देऊ म्हटलं, तर निरंजन म्हणाला, राहू दे, कामाचा आहे. प्रोग्राम लिहिणारी माणसं दुसऱ्याचा अनोळखी प्रोग्राम कसा समजून घेतात, हा त्याचा कॉलेजातला अभ्यास. माणसाला समोर बसवायचं, वाचताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायला लावायचं. या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम कुणीच पाहिलेला नाही, मग तोच घेतला. फुकटात झालं.

९ जानेवारी
वाचायला धूलकोटची तृप्ती आली. गोड पोरगी. दुपारी म्हणाली, काकू, हा प्रोग्राम फिरून फिरून पहिल्याच ओळीवर आणतो, डोकं गरगरतंय, उठू का? मी पोथीच्या सवयीनं बोलून गेले, वाचन अर्ध्यावर टाकून उठू नये बेटा, पूर्ण कर. निरंजन हसला, आई, ही काय पोथी आहे का! ती बसली.

१० जानेवारी
उठलीच नाही. वडील उचलून घेऊन गेले. जाताना तोंडानं प्रोग्राम चालूच. पाणी पाजलं, तर गिळायलाही थांबेना.

१३ जानेवारी
तृप्तीचा आवाज बसला, ओठ हलतातच. शेवट कुठं अडलाय ते शोधतो म्हणून निरंजन स्वतः बसला. मी नको म्हटलं. म्हणाला, तिला तूच बसवलंस ना?
दुपारी तिच्या वडिलांचा फोन. पोरगी एकदम थांबली, जेवली.
निरंजन हाकेला वळत नाही. मेन स्विच पाडला. पडदा काळा झाला. तो वाचतोच आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. तोंडात तिळगूळ घातला, बोलता बोलता सांडला.
आता कळलं. सप्ताहात वाचणारा दमला की दुसरा शेजारी बसून पुढचा शब्द उचलतो, खंड पडू देत नाही. कुणी उचललं तरच पहिला सुटतो.
मी बसते. त्याच्या तोंडून ऐकून उचलीन.

१५ जानेवारी
सुटला. पाणी प्यायला माझा निरंजन.
माझं तोंड चालू — अर्थ कळत नाही — मधे देवाचं नाव घ्यायला गेले, तेही येईना. हात तेवढा मोकळा.

तो खुर्ची ओढतोय. शेजारी. म्हणतो, आई, दे इकडे, मी उचलतो —
नको. तोंडानं सांगता येत — निरंजन, माझ्या ओठांकडे नको बघू, बाळा, इथं वहीत बघ, वही —