पर्ल आणि बाकीच्या कोंबड्या

लाडक्या आईस,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर हे तोंडातून निघेना, म्हणून लिहिते.

ईस्टरला मी तुझ्या कोंबड्यांच्या पायांवरून कापूस फिरवला होता, माझ्या विद्यार्थ्यांना जंतू दाखवायला. तू हसलीस, "यांना आता शाळेत घालतेस की काय?"

चर्चच्या जेवणानंतर आजारी पडलेल्या मुलांच्या पोटातल्या जंतूंचा जनुकक्रम परवा माझ्याच प्रयोगशाळेत वाचला. तो ईस्टरच्या कापसावर मिळालेल्या, तुझ्या कोंबड्यांच्या जंतूशी तंतोतंत जुळला. त्यांचीच कच्ची अंडी घातलेलं तुझं आइस्क्रीम मुलांनी तिथे मागून मागून खाल्लं होतं ना! मुलं आता इस्पितळातून घरी आली आहेत, रडू नकोस.

कळवणं माझं कामच होतं. कळवलं. येत्या गुरुवारी आरोग्य खात्याची माणसं कोंबड्या न्यायला येतील. पर्लला न्हाणीघरात लपवू नकोस, आणि तिचे मुकेही घेऊ नकोस. मी बुधवारीच येते.

"माझंच चुकलं" म्हणत बसू नकोस, आई. बाबा गेल्यावर दर रविवारी तुझ्याकडे यायला मला जमेना, म्हणून सोबतीला ती पिल्लं मीच आणून दिली होती.

तुझीच,
जोलीन