माळ्याची दांडी

चि. धाकटीस,

देव तुझे हातपाय शाबूत ठेवो.

सर्कशीतल्या झुलेवाल्यांच्या स्वभावांवर पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचा फॉर्म आला. त्याच पाकिटाच्या पाठीवर हे लिहितेय. त्यांनी विचारलंय, तुमची बहीण लहानपणी कशी होती? नवं सुचणारी, की शिकवलेलं चोख करणारी?

एका घोट्यावर उलटं लटकून हात सोडायचे, ही तुझी गाजलेली कसरत. आपल्या घरच्या माळ्याच्या दांडीवर ती पहिल्यांदा कोणी केली गं? मी! तू खाली उशी धरून रडत होतीस, "ताई, उतर ना, आईला सांगेन हं!" मग मीच तुला शिकवली. माझं लग्न झालं आणि दांडी तुझ्या वाट्याला आली.

देवापुढे बसून फॉर्मवर खरं लिहायला घेतलं. लिहिलं मात्र, 'तिला नेहमी नवंच सुचायचं.' खोटेपणाची क्षमा मागितली, तरी जीव जळायचा थांबेना.

म्हणून काल दुपारी दार लावून, पदर खोचून इथल्या माळ्याच्या दांडीला लटकले. अजून जमतं! आणि उलटी असतानाच एक नवी गिरकी सुचली. तुझ्या सर्कशीत कुणी केली नसेल अशी.

ती तुला कळता कामा नये. तेव्हा हे पाकीट तांदळाच्या डब्याखालीच राहील.

तुझी ताई