अर्धी वाटी

च्यांगयो, १२ नोव्हेंबर १९८४

चि. सूछिन हिस, दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. क्वेइशानरावांचे पाय सुजलेत, चार पायऱ्यांत दम लागतो, उशी लावून बसल्याशिवाय झोप नाही आणि इस्पितळाच्या गोळ्या पुऱ्या पडत नाहीत, हे वाचून जीव थाऱ्यावर नव्हता. लगेच वैद्य यान यांच्याकडे गेलो. म्हातारा नाडी हातात आल्याशिवाय कागदाला शाई लावत नाही. मग आजारी माणूस आपल्याच गल्लीतला, अंथरुणाला खिळलेला, असं सांगून मी काढा लिहून घेतला. तुझा भाऊ काही कच्चा नाही!

सोबत बचनागाची मुळी आहे, माझ्या हातची शुद्ध केलेली. थकलेल्या हृदयाखाली ही चूल पेटवते, असं वैद्यबुवा म्हणतात. आधी ती एकटी, घड्याळ लावून पुरे दोन तास उकळायची, मग सुंठ-दालचिनी. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसापासून सुरू कर. खांद्यावर कावड होती तेव्हापासून तीस वर्षं मी ही मुळी विकतोय, एकाचीही तक्रार नाही. तुझी वहिनी म्हणते, तक्रार करायला कुणी उरलं नसेल. तिचं मनावर घेऊ नकोस.

आहे तशीच माया ठेव.
तुझा दादा, शिंगफू

लिथांग रस्ता-चौकी, १ डिसेंबर

ती. दादास, सूछिनचा सा. न. वि. वि.

पुडकं मिळालं. यांनी वास घेतला आणि म्हणाले, तुझ्या भावाने गोठाच पाठवलाय. पण मला कुठला धीर! परवा पाव वाटी करून पाजली. घड्याळ लावून दोन तास, आईसारखी मातीच्या भांड्यात. चौकीत कुकर एकच, तो सगळ्यांच्या भातात अडकलेला. इथं कुकरशिवाय तांदूळ शिजतच नाही रे, पाणी नुसतं उकळल्याचं सोंग करतं.

प्यायल्यावर यांच्या ओठांना मुंग्या आल्या, जीभ जड झाली, एकदा उलटी झाली. स्वयंपाकी पू म्हणाला, भांडत नाही ते औषध कसलं? आणि खरंच, त्यानंतर दोन रात्री हे आडवे झोपले, घोट्याची सूज बोटभर उतरली. आता २२ तारखेला, सर्वांत लहान दिवशी, पुरी वाटी.

वहिनीला नमस्कार सांग, आणि आम्हाला विसरू नकोस.
तुझी सूछिन

च्यांगयो, १३ डिसेंबर

सूछिन,

एक थेंबही देऊ नकोस. हे आधी वाच, बाकीचं मागून.

मुंग्या म्हणजे औषधाचं भांडण नव्हे, विष आहे. पत्र वाचून तसाच यानांकडे धावलो. त्यांनी एकच विचारलं, माणूस राहतो कुठे? सांगावं लागलं. लिथांगइतक्या उंचावर पाणी कमी उष्णतेला उकळतं, म्हणाले. इथले दोन तास तिथे दोन तास नाहीत. मुळीतलं विष मरतच नाही. आधी सांगितलं असतंस तर लिहिलंच नसतं, एवढं बोलले आणि पाठ फिरवली.

तार करायला गेलो, तर खिंडीपलीकडे बर्फानं तारा तुटल्यात. हे पत्र तिकडे ट्रक नेणाऱ्या च्यांग ड्रायव्हरच्या हाती देतोय. चाकांना साखळ्या बांधून निघालाय, नऊ दिवस आहेत. मुळी जमिनीत पुरून टाक. माझ्या नावानं वाट्टेल ते बोल, पण त्यांना देऊ नकोस.

दादा

लिथांग, २७ डिसेंबर

ती. दादास,

तुझं पत्र २४ ला पोचलं. वाटी मी २२ ला दिली होती.

अर्धी पिऊन यांनी तोंड वाकडं केलं; उरलेली पाजायला मी हट्ट करत होते. तेवढ्यात हात कोपरापर्यंत बधिर झाले. छातीला कान लावला तर आत धडधड, मग काहीच नाही, मग पुन्हा धडधड. चौकीच्या पोरांनी बर्फ काढायच्या गाडीत घातलं. इस्पितळापर्यंतच्या वीस किलोमीटरला चार तास लागले. दोन दिवस सलाईन होती. वाचले.

डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या, आणि मग यांचं ऐकून घेतलं. हे म्हणाले, मुळीला नावं ठेवू नका, दोन रात्री आडवा झोपलो ते खोटं नाही. बाई म्हणाल्या, ताकद आहेच तिच्यात, पण ताकद आणि विष एकाच घरात राहतात. घ्यायचीच तर गोळ्या चालू ठेवून, कुकरमध्ये शिजवून, चमचा-चमचा, त्यांच्या वॉर्डात, त्यांच्या नजरेसमोर. हे तयार आहेत.

मी नाही. विष तू पाठवलंस, पण पाजलं माझ्या हातानं. आता ती वाटी मी हातात धरणार नाही. मला समजवायला येऊ नकोस.

सूछिन

च्यांगयो, ९ जानेवारी १९८५

चि. सूछिन हिस,

समजवायला येत नाही. उद्याच्या गाडीनं निघतोय. दुकानाला कुलूप, नवा कुकर मांडीवर.

यानांकडे पुन्हा गेलो होतो. बसा म्हणाले नाहीत. उभ्यानंच तुमच्या डॉक्टरीणबाईंसाठी, मुळी कुकरमध्ये कशी शिजवायची याची चिठ्ठी मागितली; त्यांनी दिली.

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. तीस वर्षं विकली, पण ही मुळी मी कधी जिभेला लावलेली नाही. भीती वाटायची. आता बाईंसमोर पहिला चमचा मी घेणार, आणि मुंग्या येतात का ते बघत तासभर तुझ्यापुढे बसणार. त्यानंतर पुढचा चमचा क्वेइशानरावांना द्यायचा की ओतून टाकायचा, ते तू ठरव.

राग राहू दे. दार तेवढं उघड.

दादा